तरारणे : एका क्रियापदाचा विचार

‘तरारणे’ हे क्रियापद मराठी घरात वाढलेल्या कोणालाही परके नाही; परंतु ते आपण स्वतःच्या तोंडाने शेवटचे केव्हा उच्चारले, असे विचारले तर पुष्कळांना आठवावे लागेल. वाचनात ते भेटते. पावसाच्या वर्णनात भेटते, कथांतून तर हटकून भेटते. शहरातल्या बोलण्यातून मात्र ते हळूहळू मागे सरले आहे आणि त्याच्या जागी दुसरी मंडळी येऊन बसली आहेत. थकलेला माणूस पुन्हा हुरूप धरू लागला की आज आपण म्हणतो, तो ‘फ्रेश झाला’, ‘चार्ज झाला’, ‘रिचार्ज झाला’. जरा शिष्ट बोलायचे असेल तर त्याला ‘नवी ऊर्जा मिळाली’. या शब्दांवर रागावण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. परभाषेतून शब्द येतात, हातपाय धुऊन पाटावर बसतात आणि दोन पिढ्यांत घरचे होतात. ‘हुशार’ आणि ‘उमेद’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले, हे कोणी मुद्दाम सांगेपर्यंत आपल्या ध्यानातही येत नाही. प्रश्न वेगळा आहे. एक शब्द जाऊन दुसरा आला म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या नावाने सांगितली गेली, असे आपण गृहीत धरतो. ‘तरारणे’च्या बाबतीत तसे झालेले नाही. शब्दाबरोबर एक समजही गेली आहे, आणि ती कोणती हे पाहण्यासाठी आपल्याला व्याकरणाच्या वाटेने थोडे चालावे लागेल. फराळाच्या ताटात व्याकरण वाढणे हा अरसिकपणा खरा. पण हे व्याकरण पचायला जड नाही, एवढे आश्वासन देतो.

क्रियापदाचा स्वभाव ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. त्याची आज्ञा करून पाहावी. ऊठ, बस, झोप, हस, विसाव. ही सगळी क्रियापदे आज्ञा ऐकतात. आता ‘तरार’ असे कोणाला म्हणून पाहा. जीभ अडखळते. आई मुलाला ‘तोंड धुऊन ताजातवाना हो’ म्हणते, कचेरीतला साहेब थकल्या कारकुनाला ‘चार दिवस रजा घ्या, जरा फ्रेश होऊन या’ म्हणू शकतो. पण ‘चार दिवस रजा घ्या आणि तरारा’ असे म्हणणारा साहेब अजून जन्माला यायचा आहे. इच्छा व्यक्त करून पाहा. ‘मला झोपायचे आहे’, ‘मला ताजेतवाने व्हायचे आहे’ हे ठीक. ‘मला तरारायचे आहे’ हे मराठी नव्हे. प्रथमपुरुषी भूतकाळ घ्या. ‘मी तरारलो’ हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात बसेल, पण बोलणारा माणूस जरा विचित्र वाटेल. आपल्याच गालांवरची लाली आपणच वर्णन करीत बसल्यासारखा.

कोणी म्हणेल, हे तर ‘सुकणे’, ‘पिकणे’, ‘फुलणे’ या सगळ्यांनाच लागू आहे; फुलाला कोण आज्ञा करतो? हरकत योग्य आहे. म्हणून दुसरी कसोटी लावू. मराठीत क्रियापदाला ‘व’ जोडला की दुसऱ्याकडून किंवा दुसऱ्यावर करण्याची क्रिया तयार होते. सुकणे–सुकवणे, पिकणे–पिकवणे, फुलणे–फुलवणे, वाढणे–वाढवणे, जगणे–जगवणे. शेतकरी ‘यंदा दोन घागरी पाणी घालून झाडं जगवली’ असे अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान त्याला शोभतो. परंतु ‘मी पीक तरारवले’ असे तो कधीही म्हणणार नाही. ‘पावसाने पिके तरारली’ असे म्हणेल. त्या वाक्यातला ‘ने’ कारणाचा आहे, कर्त्याचा नाही. पाऊस पडला हे कारण. तरारण्याचे काम पिकाचे. पाऊससुद्धा ज्या क्रियेचा कर्ता होऊ शकत नाही, तिथे माणसाचा पाड काय?

तिसरी गोष्ट आणखी बारीक आहे. मराठीत मुख्य क्रियेला ‘येणे’ किंवा ‘जाणे’ यांची जोड मिळते, आणि ही जोड सहसा डोळे मिटून दिलेली नसते. माणूस थकून जातो, फूल कोमेजून जाते, अंग गळून जाते, रोप सुकून जाते. उलट जखम भरून येते, झाड फुलून येते, पीक तरारून येते. शीण आपल्याला कुठेतरी घेऊन जातो आणि जोम आपल्याकडे परत येतो, असा काहीसा हिशेब या जोडण्यांमागे आहे. हा नियम काटेकोर नाही, हे सांगायला हवे. गर्दीने बाग ‘फुलून जाते’ आणि आनंदाने माणूस ‘मोहरून जातो’ हेही मराठीच. तरीही ‘तरारून गेले’ असे म्हणताना कानाला काहीतरी खटकते. जे तरारते ते पाहणाऱ्याच्या दिशेने येते.

आता हे क्रियापद जिथे जन्मले, त्या रानात जाऊ. पानात हाडे नसतात. मग ते ताठ कसे उभे राहते? पानातल्या प्रत्येक पेशीत पाणी असते, ते आतून पेशीच्या भिंतीवर दाब देते, आणि अशा असंख्य फुगलेल्या पेशींच्या आधाराने पान आपला पसारा हवेत तोलून धरते. पाणी कमी पडले की दाब घटतो आणि पान खाली येते. शेतकरी म्हणतो, ‘पिकानं मान टाकली.’ मुळांना पाणी मिळाले की ते दांड्यातून वर चढते, पेशी पुन्हा भरतात, आणि तेच पान, कालचेच, पुन्हा उभे राहते. याला तो ‘तरारलं’ म्हणतो. म्हणजे तरारणे ही बाहेरून मारलेली झिलई नव्हे. ते आतून भरत येणे आहे, आणि इतके भरणे की भरलेपण बाहेरून दिसावे.

इथे जाणता शेतकरी एक भेद करतो, तो आपण शहरातल्यांनी शिकण्यासारखा आहे. वैशाखातल्या दुपारी भोपळ्याचा किंवा वांग्याचा पाला लोंबलेला दिसला म्हणून तो लगेच मोट किंवा पंप सुरू करीत नाही. उन्हात पान जितके पाणी हवेत टाकते तितके मुळांना त्या घटकेला पुरवता येत नाही, म्हणून जमिनीत ओल असूनही झाड दुपारी मान टाकते आणि सूर्य कलला की आपले आपण सावरते. खरी परीक्षा पहाटेची. रात्रभराची विश्रांती मिळूनही सकाळी जे पान खाली आहे, ते तहानलेले. आणि त्याही पलीकडे एक हद्द आहे. ती ओलांडली की कितीही पाणी द्या, पान उठत नाही. ‘तरारणे’ हे क्रियापद या हद्दीच्या अलीकडचे आहे. ज्याने दुपारी मान टाकली त्याला रात्र पुरते. ज्याने पहाटेही टाकलेली आहे त्याला कोणीतरी पाणी द्यावे लागते. माणसांच्या बाबतीत आपण याच्या नेमके उलट वागतो. संध्याकाळी कामावरून घरी आलेल्या माणसाचा शीण सर्वांना दिसतो, त्याच्यापुढे चहा येतो. सकाळी उठतानाच थकलेल्या माणसाला आळशी म्हणतात.

आणखी एक गोष्ट. नुसत्या पाण्याने पीक तरारत नाही. आषाढात झड लागते, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, रानात पाणी तुंबते. अशा वेळी पाण्याला तोटा नसतो, पण पीक पिवळे पडते, कारण मुळांना हवा मिळत नाही. मग उघडीप पडते. तुंबलेले पाणी निचरून जाते, माती ना चिखल ना ढेकूळ अशी होते, तिच्यात ओल आणि हवा दोन्ही खेळू लागतात. या अवस्थेला ‘वापसा’ म्हणतात. वापसा आल्यावर शेतकरी कोळपे घालतो, खुरपणी करतो, आणि चार दिवसांत ते पिवळे रान हिरवेगार होऊन तरारते. म्हणजे देणाऱ्याने देऊन झाल्यावर थोडे बाजूला होणेही यात येते. पाहुण्याला आग्रह करकरून जेवू घालणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी दिवसभर बसून ‘आता कसं वाटतंय?’ विचारणाऱ्या प्रेमळ मंडळींनी हा ‘वापसा’ शब्द भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

‘तरारणे’च्या शेजारी राहणारे शब्द पाहिले की त्याची हद्द आणखी स्पष्ट होते. ‘पालवणे’ घ्या. पालवणाऱ्या झाडाची जुनी पाने गळून गेलेली असतात. फांदी उघडी झालेली असते. तीवर नवी पालवी येते. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) बारा महिन्यांकडे पाहायला आपल्याला जे डोळे दिले, त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही. मोठ्या दुःखानंतर, सारे काही गेल्यानंतर, माणूस पुन्हा जगण्याकडे वळतो तेव्हा त्याचे मन ‘पालवले’ म्हणावे. तिथे ‘तरारले’ म्हणणे चूक, कारण तरारते ते तेच पान असते. नव्या पानाला तरारण्यापूर्वी फुटावे लागते. ‘हुशारी’ हा आजारातून उठणाऱ्याचा शब्द. ‘ताप उतरला, आता जरा हुशारी वाटते’ या वाक्यातल्या हुशारीचा परीक्षेतल्या गुणांशी संबंध नाही, हे शाळकरी मुलांना हल्ली समजावून द्यावे लागेल. ‘ठणठणीत’ हा भांड्याचा शब्द. वाजवून पाहिले, कुठे चीर नाही. ‘ताजातवाना’ मूळचा फारसी, त्यातला ‘तवाना’ म्हणजे बळकट. झोप, स्नान, फेरफटका यांनी येणाऱ्या हलक्या उत्साहाला तो चांगला आहे. आणि चहाला ‘तरतरी’. घोटभर चहाने तरतरी येते, तरारणे येत नाही. तरतरी तासाभराची असते आणि ती पुन्हा पुन्हा आणता येते. त्यावर आपल्या सगळ्या कचेऱ्या चालतात.

या यादीत ‘फ्रेश होणे’ कुठे बसवावे? खरे म्हणजे मराठीत त्याचा अर्थ फारच आकुंचित झाला आहे. ‘तुम्ही फ्रेश होऊन घ्या, तोवर चहा टाकते’ याचा अर्थ स्नानगृह उजवीकडे आहे एवढाच. ही सभ्य सूचना आहे, तिला दोष देण्याचे कारण नाही. पण पूर्वी उन्हातून आलेल्या माणसाला दारातच पाय धुवायला पाणी मिळे, मग गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे येई. ‘पाणी दिले’ या वाक्याचा कर्ता यजमान होता. ‘फ्रेश हो’ या वाक्याचा कर्ता पाहुणा आहे. पाहुणचार तोच असेल, माया तीच असेल. क्रियापदाने काम मात्र एका अंगावरून काढून दुसऱ्या अंगावर टाकले. हा फरक लहान दिसतो. तो पुढे कुठवर जातो ते पाहू. पण त्याआधी एका दुसऱ्या पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे.

‘डोळ्यांत पाणी तरारले.’ हे वाक्य वाचले नाही असा कथावाचक महाराष्ट्रात नसेल. आमच्या दिवाळी अंकांतून नायिकांच्या डोळ्यांत इतके पाणी तरारले आहे की त्यावर एखादे लहानसे धरण भरावे. लेखकांना ते फार सोयीचे पडते. पत्र आले, तरारले. पत्र आले नाही, तरारले. या अतिवापराने शब्द झिजला, आणि वाचक त्यावरून न थांबता पुढे जाऊ लागला. पण झिजलेल्या नाण्यावरचा ठसा नीट पाहिला तर नवल वाटते. पिकाला आणि अश्रूला मराठीने एकच क्रियापद का द्यावे? एक हिरवेपणाची खूण, दुसरी दुःखाची.

उत्तर त्या पाण्याच्या अवस्थेत आहे. डोळ्यांत पाणी ‘टचकन’ येते तेव्हा ते अचानक आलेले असते. डोळे ‘डबडबतात’ तेव्हा सगळा डोळाच पाण्यात बुडालेला असतो. पाणी ‘ओघळते’ तेव्हा ते गालावर उतरलेले असते. या सर्वांत ‘तरारणे’ची जागा ठरलेली आहे. पाणी आतून वर आले, खालच्या पापणीच्या काठापर्यंत भरले, आणि तिथे उभे राहिले. अजून सांडले नाही. पानातही तेच घडते. पाणी आतून वर आले, काठोकाठ भरले, आणि त्याच्या जोरावर पान उभे राहिले. दोन्हीकडे आतून भरत येऊन ठरून राहणे आहे, न सांडता. म्हणून तरारलेल्या अश्रूला एक मान असतो, तो ओघळलेल्या अश्रूला नसतो. जे लेखक ‘डोळ्यांत पाणी तरारले आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली’ असे लिहितात, ते एका वाक्यात क्रियापद उभे करतात आणि त्याच वाक्यात आडवे करतात. मघाच्या तिन्ही कसोट्या इथेही लावून पाहाव्यात. अश्रूंना ‘तरारा’ अशी आज्ञा होत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी ‘आणता’ येते, ‘तरारवता’ येत नाही. आणि तरारून येते, तरारून जात नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली तेव्हापासून त्यांच्या उपमांचे कौतुक आपण पुष्कळ केले; शेतात राबणाऱ्या माणसांच्या क्रियापदांकडे त्यामानाने आपले लक्ष कमी गेले. उपमा एकेकाची असते, क्रियापद सगळ्या गावाचे असते. रानात आणि डोळ्यात एकाच प्रकारे पाणी चढते हे कोणा एका कवीने नव्हे, तर साऱ्या बोलीने पाहिलेले आहे.

आता मघाचा अर्धवट सोडलेला धागा. ‘तरारणे’ स्वतःविषयी बोलता येत नाही, हे आपण पाहिले. मग ते कोण बोलतो? पाहणारा बोलतो. आणि नुसता आज पाहणारा नव्हे. ज्याने कालही पाहिले होते तो. पीक तरारले असे म्हणण्यासाठी ते मान टाकून होते हे ठाऊक असावे लागते. दिवाळसणाला माहेरी आलेल्या लेकीला आठ दिवसांनी आई म्हणते, ‘आता जरा तरारलीस हो!’ या वाक्यात आठ दिवसांपूर्वी दारात पाऊल टाकताना ती कशी दिसली होती, याची पूर्ण नोंद आहे. आईने ती त्या वेळी बोलून दाखवली नव्हती. सुकलीस, वाळलीस असे दारातच म्हणणाऱ्या आत्या-मावश्या वेगळ्या. आई गप्प राहिली, वाढत राहिली, सकाळी उठवले नाही, आणि आठ दिवसांनी एक क्रियापद उच्चारले.

सासरी जाणाऱ्या मुलीला भाताच्या रोपाची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. एका जागी पेरायचे, दुसऱ्या जागी लावायचे. उपमा सुरेख आहे आणि थोडी लबाडही आहे. लावणीनंतर रोप पहिले काही दिवस पिवळे पडते, मान टाकते, मग मूळ धरून तरारते, हे खरे. पण त्या दिवसांत शेतकरी बांधावर फेऱ्या घालतो, खाचरात पाणी किती आहे ते पाहतो, जास्त झाले तर बांध फोडतो, कमी झाले तर वळवतो. उपमा देणारे रोप उचलतात आणि बांधावरच्या फेऱ्या विसरतात. ‘रुळेल हळूहळू’ असे म्हणून सारे आपापल्या कामाला लागतात.

आणि दिवाळीच्या दिवसांतच पाहा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने मुलांना तेल लावायचे, पाडव्याला पत्नीने पतीला. त्याआधीचे आठ दिवस भाजणी, पाक, तळण यांत गेलेले असतात. सगळे घर त्या सकाळी तेल-उटण्याच्या वासाने टवटवीत होते, आणि जिने ते केले तिला आपण सणाच्या शेवटी म्हणतो, ‘आता तू जरा आराम कर, रिचार्ज हो.’ म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्याने आज्ञार्थ वापरला आहे. आठवड्याचे श्रम तिने केले, आणि त्यातून सावरण्याचे कामही तिच्याच यादीत लिहिले गेले. ‘तरार’ असे त्याला म्हणताच आले नसते. भाषेने वाट अडवली असती आणि मग कदाचित त्याला उठून काही करावे लागले असते.

‘रिचार्ज’ ही कल्पना फार जुनी नाही. व्होल्टाची विद्युत्‌घटमाला १८०० सालची; पण पुन्हा पुन्हा भरता येईल अशी शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली ती १८५९ साली. त्यापूर्वी जगातला कोणताही थकलेला माणूस ‘रिचार्ज’ होणे शक्य नव्हते. आपल्या घरांत तर पुष्कळ वर्षे विजेरीचे आणि रेडिओचे साधे सेल होते, ते संपले की संपले. त्यांना उन्हात ठेवून आणखी दोन दिवसांची बातमीपत्रे ऐकण्याचा उद्योग अनेक घरांनी केला आहे. मग मोबाइल आला, आणि ‘रिचार्ज मारणे’ हे अस्सल मराठी क्रियापद झाले. ‘मारणे’ची जोड पाहून ते इथेच जन्मले याची खात्री पटते. यंत्राची भाषा माणसाला लावणे हा काही गुन्हा नाही. बा. सी. मर्ढेकरांनी ‘काही कविता’मध्ये (१९४७) यंत्रयुगातली प्रतिमासृष्टी मराठी कवितेत आणली, आणि तिच्यात माणसाचे काय होते आहे हे वाचकाला अंगावर काटा येईल अशा रीतीने दाखवले. तिथे यंत्र बोचत होते, कारण ते बोचावे अशी कवीची इच्छा होती. आपण ‘मी जरा चार्ज होऊन येतो’ म्हणतो तेव्हा काहीच बोचत नाही. बॅटरी भरण्यासाठी तार लागते, भिंतीतले छिद्र लागते, ठरलेला वेळ लागतो; कोणी पाहावे लागत नाही. आणि भरून झाल्यावर तिने पुन्हा तितकेच काम द्यावे अशी अपेक्षा असते. तरारलेल्या पिकाकडून लगेच उद्या कणसाची अपेक्षा कोणी करीत नाही.

मग अनुवादकाने काय करावे? इंग्रजी कादंबरीत पात्र म्हणते की सुट्टीने मला रिचार्ज केले, तर ‘सुट्टीने मी तरारले’ असे लिहिणे हा उतावळेपणा होईल. ते पात्र लोकलने जाणारे, घड्याळावर जगणारे असेल, तर ‘रिचार्ज’च त्याच्या तोंडी शोभते, त्याच्या जगण्याचा हिशेब त्या शब्दात बरोबर उतरला आहे. अशा वेळी ‘तरारणे’ घालणे म्हणजे सदऱ्यावर उगाच मुंडासे बांधणे. उलट त्याच पात्राकडे दुसरे कोणी प्रेमाने पाहत असेल, आणि ते पाहणे निवेदनात आले असेल, तर तिथे हे क्रियापद आपोआप कलमाखाली येईल. वर्तमानपत्री गद्यात ‘नवचैतन्य’, ‘नवसंजीवनी’, ‘पुनरुज्जीवन’ असे जे भरजरी शब्द साखर कारखान्यापासून नाट्यसंस्थेपर्यंत सगळ्यांना सारखे बहाल केले जातात, त्यांच्याऐवजी काय वापरावे हा वेगळा प्रश्न आहे. त्यांना पर्याय नको, विश्रांती हवी.

राहता राहिली ‘ऊर्जा’. ‘सकारात्मक ऊर्जा’ हा शब्दप्रयोग आता इतका सैल झाला आहे की वास्तूपासून उदबत्तीपर्यंत सर्वांत ती सापडते. पण या शब्दाचे कूळ फार चांगले आहे. वैदिक काळात महिन्यांना जी नावे होती त्यांत आश्विनाला ‘इष’ आणि कार्तिकाला ‘ऊर्ज’ म्हणत. ‘ऊर्ज’ म्हणजे बळ, आणि बळ देणारा अन्नाचा रस. पावसाळा संपला, धान्य घरात येऊ लागले, अंगात रस भरू लागला, त्या महिन्याचे हे नाव. म्हणजे ‘ऊर्जा’सुद्धा मुळात तारेतून येणारी नव्हती. ती ताटातून येत होती, आणि ताटात रानातून. दिवाळीच्या पाडव्याला जो महिना लागतो तोच हा.

या दिवसांत सोलापूर, बीडकडच्या काळ्या रानांत शाळू हातभर झालेला असतो. पाऊस परतलेला, विहिरीचे पाणी सगळीकडे पोचणारे नसते. जमिनीने पावसाळ्यात पोटात धरून ठेवलेली ओल आणि रात्रीची थंडी यांवर हे पीक वाढते. दुपारी रस्त्याने जाताना पाती जरा दुमडलेली दिसतात. सकाळी पाहिले तर सगळे रान सरळ उभे असते आणि पात्यांवर दहिवर असते. अशा वेळी बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ‘काय म्हणतंय रान?’ असे विचारावे. तो फार बोलत नाही. कालही तो इथेच उभा होता. ‘तरारलंय,’ एवढेच म्हणतो.